बूट झाडताना

वेदनं अनयचा उजवा बूट जिन्याच्या कठड्यावर दोनदा आपटला. बुटाच्या जिभेखाली अडकलेली वाळू भसकन खाली आली आणि पायरीवर फाडून पसरलेल्या किराण्याच्या कागदी पिशवीवर तिचा छोटा ढीग झाला. बर्फ पडायचं थांबलं होतं, पण पडलेलं तसंच होतं. पार्किंगमधल्या गाड्या नुसते पांढरे उंचवटे दिसत होते.

"हे आत्ताच करायला हवंय का यार?" दार अर्धवट उघडून अनय म्हणाला. त्याच्या नाकाचं साल निघत होतं आणि डोळे आत गेले होते. "आम्ही दीड दिवस प्रवास करून आलोय. आधी माणसांकडे बघ, मग बुटांकडे."

"माणसं आंघोळ करतात. दार लाव, हीट बाहेर चाललीये."

नियम वेदचाच होता. तो मातीवर पीएच.डी. करत होता, आणि त्याच्या लॅबमध्ये परदेशी मातीची चिमूटसुद्धा ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय कचऱ्यात टाकता येत नसे. ही सवय त्यानं घरी आणली होती. लांबून कोणी आलं की बूट जिन्यातच काढायचे आणि ते वेद झाडणार. चौघं या अपार्टमेंटमध्ये एकत्र राहायला लागल्यापासून या नियमाची सगळ्यांनी थट्टा केली होती आणि तो मोडला कोणीच नव्हता. एका खोलीत वेद आणि अनय, दुसऱ्या खोलीत उर्वी आणि चारुता. स्टेट कॉलेज नावाच्या या युनिव्हर्सिटीच्या गावात एवढ्या भाड्यात याहून बरं काही मिळत नाही.

दाराच्या फटीतून त्याला आतलं दिसत होतं. तीन मोठ्या बॅगा हॉलमध्ये आडव्या पडल्या होत्या. उर्वी सोफ्यावर मोज्यांसकट झोपल्यासारखी पसरली होती. चारुता आंघोळीला गेली होती, ती अजून बाहेर आली नव्हती. बसमधून उतरल्यापासून ती वेदशी दोन वाक्यं बोलली असेल. एक, "किती बारीक झालास," आणि दुसरं, "मी काही आणलं नाही रे तुझ्यासाठी."

प्रवासाची कल्पनाही मुळात वेदची. दोन वर्षांपूर्वी वादळामुळे युनिव्हर्सिटी बंद होती तेव्हा चौघांनी जमिनीवर नकाशा पसरला होता. हनोईहून सुरुवात, मग लुआंग प्रबांग, बँकॉक, आणि शेवटी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची बेटं. पाठीवर एकेक बॅग, स्वस्त हॉस्टेल, कसलीही घाई नाही. "समुद्र, नारळ, भात आणि मासे," अनय म्हणाला होता. "वेद्या, हे तुझं मालवणच झालं की. फक्त लग्न कधी करतोस विचारायला कोणी नाही."

मग वेदच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली. इथे राहायला, शिकायला त्यानं काही अडत नव्हतं. पण एकदा देशाबाहेर पाऊल ठेवलं की नवा व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा हल्ली काही भरवसा नव्हता. त्याच्या डिपार्टमेंटमधला एकजण उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला गेला, तो अजून तिकडेच होता. त्याचा पगार थांबला, प्रयोग दुसऱ्या कोणाला दिले गेले. वेदच्या प्रोफेसरांनी स्पष्ट सांगितलं, शेवटचा चॅप्टर होईपर्यंत कुठेही जाऊ नकोस. म्हणून तिघं गेले आणि वेद राहिला. घरी कुडाळजवळच्या गावी जाऊनही त्याला पाच वर्षं होत आली होती.

राहिला तरी प्रवास त्यानंच चालवला. तिकडे सकाळ व्हायची तेव्हा इथे त्याची रात्र सुरू व्हायची. बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते, कुठल्या हॉस्टेलच्या गाद्या बऱ्या, डिसेंबरात कुठल्या किनाऱ्यावर पाऊस असतो आणि कुठल्या नाही, हे तो किचनच्या टेबलावरून त्यांना सांगायचा. "गाइडसाहेब, डावीकडे वळू का उजवीकडे?" असे मेसेज यायचे. फोटो यायचे. सुरुवातीच्या फोटोंत तिघं असायची. बेटांवरच्या फोटोंत दोघंच. चारुता फोटो काढत असणार, असं त्यानं धरलं होतं.

त्यानं अनयचा दुसरा बूट झाडला. मग उर्वीचे सॅन्डल. पिशवीवर दोन ढीग झाले, दोन्ही पांढरे. बोटाच्या टोकावर घेऊन त्यानं भिंग लावून पाहिलं. शिंपल्यांचा चुरा, प्रवाळाचे तुकडे. तो आत जाऊन व्हिनेगरची बाटली घेऊन आला आणि एकेका ढिगावर त्यानं दोन थेंब टाकले. शिंपल्यातल्या चुन्यानं दोन्ही ढीग फसफसले.

"आला याचा सत्यनारायण," सोफ्यावरून उर्वी डोळे मिटूनच म्हणाली. "तीर्थ दे मग सगळ्यांना."

"लांता बेटावरची वाळू आहे," वेद बाहेरून म्हणाला. "नवी आहे एकदम. समुद्रानं अजून गोल केलेली नाही."

"ऐकलंस अनय? तू जिच्यावर भाजून घेतलंस ती नवी होती."

वेद हसला. महिनाभर या घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. एकट्यानं राहून त्याला एक वेगळाच थकवा आला होता. कामाचा नव्हता तो. ऐकत राहण्याचा होता. फ्रिजची घरघर ऐकायची, वरच्या मजल्यावरची पावलं ऐकायची आणि रविवारी सकाळी घरचा फोन.

तो फोनही अलीकडे छोटा झाला होता. पूर्वी आई मोबाइल घेऊन घरभर फिरायची, मांजर दाखवायची, फणसाला कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, किती लागले ते दाखवायची. बाबा बाहेर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खुर्चीवर बसलेले असायचे, हातात अडकित्ता. एका लयीत सुपारी कातरत ते वेदच्या संशोधनाबद्दल विचारायचे, "मातीत काय सापडलं की नाही अजून?" गेले काही रविवार मात्र बाबा पलंगावर, भिंतीला टेकून, अंगावर शाल. नेहमी डाव्याच बाजूनं दिसायचे. आईनं सांगितलं होतं, "हयसरच रेंज येता रे आता." आणि सुपारी? "डॉक्टरांनी सोडूक सांगितली." बाबा मान हलवायचे, कमी बोलायचे. थंडी आहे, आई म्हणायची.

वेदनं एकदा विचारलं होतं, बाबांना बरं नाही का? आई इतकी पटकन "बरे असत" म्हणाली की त्यानं पुढे विचारलं नाही. विचारून तो काय करणार होता?

"वेद्या," अनय आतून ओरडला, "लीजचं काय केलंस? आम्ही तिघांनी बँकॉक एअरपोर्टवरून साइन केलं. तुझंच राहिलंय. उद्या पाच वाजता लिंक बंद होते."

"करतो."

"करतो नाही, कर. माझ्या डिपार्टमेंटमधला कुश रूम शोधतोच आहे. पुढच्या ऑगस्टपासून बेघर होशील."

या गावात ऑगस्टपासूनचं घर जानेवारीतच पक्कं करावं लागतं. सही केली की आणखी एक वर्ष इथे. तेवढ्यात चॅप्टर होईल, डिग्री होईल, मग घरी जाणं आणि व्हिसा, दोन्ही नीट करता येईल. न केली तर ऑगस्टच्या आत इथला गाशा गुंडाळायचा आणि उरलेलं काम तिकडून, जमलं तर. घरी सगळं ठीक असेल तर एक वर्ष काही जास्त नव्हतं. सगळं ठीक आहे, एवढंच त्याला कोणाकडून तरी ऐकायचं होतं. आठवडाभर ती लिंक त्याच्या फोनमध्ये उघडी होती.

त्यानं चारुताचे बूट उचलले.

ते जड होते. आपटले तर वाळू पडली नाही. लालसर पूड पडली, बारीक, चहाच्या भुकटीसारखी. त्यानं पुन्हा आपटले. शिवणींमध्ये, लेसच्या भोकांत, जाळीत, सगळीकडे तीच पूड होती. पांढरा कण एकही नाही. तरी त्यानं व्हिनेगर टाकून पाहिलं. काही झालं नाही. थेंब जिरला आणि डाग गडद झाला.

बेटावर ती अनवाणी फिरली असेल. किंवा हे बूट बॅगेतच राहिले असतील. लाल मातीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? लाओसमध्ये लाल माती आहे, थायलंडमध्ये आहे, जिथे पाऊस भरपूर आणि ऊन भरपूर तिथे जमीन अशी गंजतेच. कोकणचा जांभा काही कोकणापुरता नाही. आपल्याला हवं तेच भिंगात दिसायला लागतं, हे त्याचे प्रोफेसर नेहमी बजावायचे.

त्यानं बूट उलटा केला. तळाच्या खाचांमध्ये काहीतरी चिकटून वाळलं होतं. टाचेच्या मधोमध नखानं उचकटल्यावर एक पापुद्रा निघाला, नाण्याएवढा. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवट तपकिरी. त्यानं तो आडवा धरून कडेनं पाहिला. थर होते, पानापानांसारखे, एकावर एक. आणि थरांत गवताच्या काड्या, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या, हाताचा पंजा गोल फिरवल्यावर वळतात तशा.

वेद पायरीवर बसला. पायरी गार होती, ते त्याला जरा वेळानं कळलं. त्यानं कठड्यावरचं थोडं बर्फ चिमटीत घेतलं, ते बोटात विरघळू दिलं आणि तो थेंब पापुद्र्यावर सोडला. मग तो नाकाशी नेला.

शेण. धूर. आणि खाली ओली होणारी माती.

लुआंग प्रबांगमध्ये कोणी अंगण सारवत नाही. चारुता पुण्याची, कोथरूडमधल्या चौथ्या मजल्यावरची. तिच्या नात्यात कोणाला अंगण आहे असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. आणि सारवलेल्या खळ्यात कोणी बूट घालून शिरत नाही. ते ओलं असताना तर नाहीच. ज्याला ते माहीत नाही असं माणूसच शिरेल. समोर कोणीतरी दारात उभं असेल, "ये गो, ये" म्हणत असेल, आणि ते माणूस घाईनं, बॅग पाठीवर घेऊन, सरळ मधूनच चालत येईल.

त्यानं तो पापुद्रा खिशातल्या टिश्यूमध्ये गुंडाळला. बूट पुन्हा ठेवले, जोडीनं, टाचा भिंतीकडे.

जेवायला खिचडी होती. वेदनं सकाळीच डाळ-तांदूळ धुऊन ठेवले होते. पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजले. अनय दोनदा वाढून घेऊन म्हणाला, "खोटं नाही सांगत, तिसऱ्या आठवड्यात मला त्या नारळाच्या दुधाचा वाससुद्धा नको झाला होता. प्रवास हा प्रकार फोटोत बरा दिसतो. खरं म्हणजे अर्धा वेळ आपण बस कधी येणार आणि टॉयलेट कुठे आहे, हेच विचारत असतो."

"आणि अर्धा वेळ तू घोरत असतोस," उर्वी म्हणाली. "हॉस्टेलमधल्या त्या जर्मन मुलीनं याला उशी फेकून मारली, वेद. खरंच."

"ते फ्लर्टिंग होतं."

"दोनदा मारली."

चारुता हसली, पण उशिरा. तिचे केस ओले होते आणि ती चमच्यानं खिचडी एका बाजूला गोळा करत होती.

"चारू," वेद म्हणाला, "लांता कसं वाटलं?"

अनय पटकन म्हणाला, "अरे, हिला तर सगळ्यात जास्त आवडलं. ही पाण्यातून बाहेरच येत नव्हती."

उर्वीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"छान होतं," चारुता म्हणाली.

"पाणी कसं होतं?"

"निळं." तिनं वर पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. विमानातल्या जागरणानं एवढं काळं होत नाही. "लोणचं आहे का रे?"

वेद उठला. लोणच्याची बरणी फ्रिजच्या मागच्या बाजूला होती, ती काढायला त्यानं गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. फ्रिजचा गार उजेड त्याच्या हातांवर पडला होता. आईनं आधी चारुताला फोन केला असणार. सगळ्यांच्या आयांकडे सगळ्यांचे नंबर होते, कोणी फोन उचलला नाही तर दुसऱ्याला करायला. आईनं काय विचारलं असेल, तेही त्याला ऐकू आल्यासारखं झालं. तो आला तर त्याला परत जाता येईल ना? आणि चारुताला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली असेल, लगेच नाही जाता येणार, काकू, आणि मग त्याच्याऐवजी स्वतःच गेली असेल.

त्यानं बरणी टेबलावर ठेवली. पुढे बेटांचा विषय कोणी काढला नाही.

भांडी अनयनं घासायला घेतली. उर्वी खोलीत जाऊन झोपली. पाच वाजले नव्हते तोच बाहेर अंधारायला लागलं होतं. पार्किंगमधले दिवे बर्फावर पिवळे पडले होते. वेद जॅकेट घालून जिन्यात आला आणि वरच्या पायरीवर बसला. वाळूचे ढीग त्यानं फॉइलमध्ये घेतले होते, उद्या ओव्हनमध्ये टाकायला.

काही वेळानं दार उघडलं. चारुता शाल गुंडाळून बाहेर आली. तिनं बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"झाले झाडून?"

"झाले."

ती एक पायरी वर, दाराला टेकून उभी राहिली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. आत जायची तिनं घाई केली नाही. बूट तिनं उचलले नाहीत.

वेद समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाला, "बाबा खळ्यात येऊन बसतात का गं?"

खालच्या रस्त्यावरून कॅम्पसची बस गेली. तिच्या आतला दिवा बर्फावरून सरकत गेला. चारुता खाली त्याच्या शेजारी बसली. ती शालीची कड बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

"खुर्ची बाहेर नेऊन ठेवली की बसतात," ती म्हणाली. "धरून न्यावं लागतं. उजवा पाय ओढतात."

"हात?"

"हातही."

त्यानं मान हलवली.

"चालणं सुधारेल म्हणाले डॉक्टर. कुडाळहून एक मुलगी येते व्यायामाला. काकूंनी शपथ घातली होती रे मला. तू धावत येशील आणि तिकडेच अडकशील म्हणून." तिचा आवाज चिरका झाला. "अनय आणि उर्वीला मीच सांगितलं होतं, गप्प बसा. मला इतकं कसंतरी होत होतं, तू आम्हाला बोटींचे टाइम पाठवत होतास आणि मी..."

"शपथ तू मोडली नाहीस. मी विचारलं."

"तुला कसं कळलं?"

वेदनं खिशातून टिश्यू काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उघडला, पापुद्रा पाहिला आणि तिला काही उमगलं नाही.

"ओल्या खळ्यात बूट घालून गेलीस," तो म्हणाला.

चारुताचा हात तोंडाकडे गेला. "अय्या. ते ओलं होतं? मला कोणी काही म्हणालंच नाही. काकू नुसत्या 'ये, ये' करत होत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या वाकून पुन्हा सगळं..." ती थांबली. "माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे."

ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. तिनं पापुद्रा परत नीट गुंडाळून त्याच्या हातात दिला, औषधाची पुडी द्यावी तसा.

आत नळ बंद झाला. अनय हात पुसत दाराशी आला. "ए, थंडीत काय बसलाय दोघं? वेद्या, शेवटचं सांगतो, ती लिंक. मी आठवण करून करून थकलो."

"अनय," वेद मागे न वळता म्हणाला, "त्या कुशला अजून रूम हवीये का, विचारशील?"

अनयनं हात पुसायचं थांबवलं. तो वेदच्या पाठीकडे पाहत राहिला, मग चारुताकडे. तिनं मान खाली घातली. दार त्यानं अगदी हळू लावलं, आवाज होऊ न देता.

बर्फावर पुन्हा बारीक पिंजल्यासारखं काही पडायला लागलं होतं. चारुतानं गुडघे जवळ घेतले. ती दमली होती, तोही दमला होता, आणि दोघांनाही उठवत नव्हतं.

"सुपारी खरंच सोडलीये?" वेदनं विचारलं.

"कुठे सोडलीये. काकूंचा डोळा चुकवून खातात." तिनं शालीनं नाक पुसलं. "मी तिथे होते तितके दिवस मीच कातरून दिली. पहिल्या दिवशी तोंडात टाकली, आणि म्हणाले, जाड कातरतेस."